टोपलीखालचा दिवा

लोणावळ्याला मी आले ती ताईच्या बाळंतपणासाठी. आमचे आई-वडील आधीच गेलेले, त्यामुळे ताईला बाळंतपणाला माहेर असं उरलं नव्हतं. मामांचं घर होतं, पण मामींनी तोंड वाकडं केलं. तेव्हा ठरलं की तिला इकडे आणण्यापेक्षा मलाच तिकडे धाडावं. चौथीची पाटी आणि पुस्तक मामींच्या फडताळात ठेवून मी निघाले, आणि ती दोन्ही तिथंच राहिली. तापीकाठच्या सपाट रानातून आलेली मी. डोंगर एवढे जवळ येऊन उभे राहतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी घाटातून चढणाऱ्या गाडीचा आवाज ऐकला तेव्हा वाटलं, कुणी दमेकरी म्हातारा डोंगर चढतोय. पुढं एक इंजिन, मागून ढकलायला दुसरं, आणि दोघांची धाप एकमेकांत मिसळलेली. ताई हसून म्हणाली, "दोन दिवसांत सवय होईल." सवय झाली. आज इतक्या वर्षांनी ती जुनी इंजिनं गेली, पण छातीत कफ दाटला की मला तोच घाट आठवतो.

ताईचं बाळ दोन दिवस जगलं आणि ताई चार. दाजी रेल्वेत सांधेवाले होते, गाडीसाठी रूळ बदलणारे. त्यांनी महिन्याभरात बदली मागून घेतली आणि ते दौंडकडे निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचंही वय काही फार नव्हतं. मला मात्र ताई गेली त्या दिवशीच ताप भरला. शेजारच्या खोलीतल्या काशीताई, रेल्वेतल्या शिपायाच्या पत्नी, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी मला आपल्या खोलीत नेऊन अकरा दिवस घोंगडीत गुंडाळून ठेवलं. त्या अकरा दिवसांत ताईच्या खोलीत काय काय केलं गेलं ते मी पाहिलं नाही, मला कुणी सांगितलंही नाही. आमच्या गावीसुद्धा मयताच्या घरात पोरींना फिरकू देत नसत. आई गेली तेव्हा मला आत्याकडे नेऊन ठेवलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ इथं आहे.

तापातून उठले तेव्हा प्रश्न उभा राहिला की हिचं करायचं काय. मामांना पत्र गेलं, उत्तर आलं नाही. मग एके दिवशी सगुणामावशी दारात येऊन उभी राहिली. ताईची सुईण तीच. काळी, हाडकुळी, कपाळ मोकळं. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. वलवणच्या वाटेवर तिचं दोन खणांचं कौलारू घर होतं. ती काशीताईंशी बोलली नाही, माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "चल." मी गेले. त्या एका शब्दावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे.

त्या घरात शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मावशीची वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. खाणं साधं: तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कधी कुणी बाळंतिणीच्या घरून नारळ दिला तर वाटण. मला ज्वारीची भाकरी थापता यायची, पण तांदळाची उकड हाताला सापडेना. माझ्या भाकरीला कडेने भेगा पडत. मावशी तशीच खायची. एकदा फक्त म्हणाली, "पोरी, पिठाला घाई कळती. हात गरम ठिव आन मन गार ठिव." तिचे स्वतःचे हात तसेच होते. बाळंतपणाला निघताना ती तिळाच्या तेलात बोटं बुडवून निखाऱ्यावर शेकायची, न बोलता, देवपूजेसारखी. मला कधीकधी पाण्याची घागर घेऊन बरोबर न्यायची. मी घागर त्या घराच्या उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे पळायची. आतून बाईचा आवाज आला की मला ताई ऐकू यायची. मावशीने त्यावरून मला कधी टोकलं नाही. मला वाटायचं, आज नाही तर उद्या टोकेल. आपण कुणाच्या घरात राहतो, कशासाठी राहतो, हे मी रोज उठल्याबरोबर मनाशी तपासायची. कळशी भरलेली आहे ना, सारवण झालंय ना, काही चुकलं नाही ना. चुकलं की परत जावं लागेल, आणि परत जायला जागा नाही.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मावशी बदलली. आधी तिने चांगली पितळेची हंडी ठकूबाईला देऊन टाकली. ठकूबाई वलवणची, मावशीची लहानपणापासूनची मैत्रीण, भातशेतीवाल्या मोठ्या घरातली, तोंडाने फटकळ. मग ठेवणीतलं लुगडं गोमीला दिलं. गोमी डोंगरातल्या वस्तीवरची, टोपल्या विणून विकायची; तिची चारही पोरं मावशीच्या हातची. आणि एक दिवस मावशी काशीताईंना म्हणाली, "हिच्या मामाला पत्र टाक. म्हनावं, माघ सरायच्या आत येऊन पोरीला घिऊन जा."

मी चुलीपुढे होते. हातातलं फुंकणीचं नळकांडं तसंच राहिलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. काशीताईंनी विचारलं, "का हो मावशी, काय झालं?" तेव्हा मावशीने पेटी उघडली आणि एक काळा पडलेला सुताचा दोरा काढला. त्यात गाठीच गाठी होत्या. त्यांच्या घराण्यात बायकांची वयं अशी ठेवत. लिहिता कुणाला येत नव्हतं. पोरगी जन्मली की दोरा काढायचा आणि दरवर्षी त्या तिथीला एक गाठ. मावशीचा जन्म रथसप्तमीचा, म्हणून तिथी कुणी विसरायचा प्रश्न नव्हता. गाठ दुसऱ्याने बांधायची असा नेम होता. आधी आई बांधायची, आई गेल्यावर थोरली बहीण, आणि बहीण गेल्यावर मावशी आपली आपणच बांधत आली होती.

"आईच्या दोऱ्यात चव्वेचाळीस गाठी," मावशी म्हणाली. "थोरलीच्या बी चव्वेचाळीसच. दोघींचं दोरं त्यांच्यासंगं जाळलं. हे बघ, माज्या किती झाल्यात."

काशीताईंनी मोजल्या. चव्वेचाळीस.

"आमच्यातली बाई पंचेचाळिसावी गाठ बघत न्हाई. मला काय त्याचं वाईट वाटत न्हाई. पर ही पोर माज्या मयतावर एकटी बसाय नको."

पत्र गेलं. ह्या वेळी मामांचं उत्तर आलं: रथसप्तमीनंतर तिसऱ्या दिवशी येतो. मावशीला बरं वाटलं असावं. ती कमी जेवू लागली, बाहेर कमी जाऊ लागली, पेटीतली एकेक वस्तू काढून कुणाला ना कुणाला देत राहिली. आता मागे वळून पाहताना कळतं, तिला कसलाही आजार नव्हता. पण माणूस असं ठरवून बसलं तर मरायला आजार लागत नाही, हेही मी पुढे माझ्या धंद्यात पुष्कळदा पाहिलं आहे. मला तेव्हा दोन भीती होत्या. एक, मावशी मरेल. दुसरी, ती जगली तरी मामा येतील. कुठली मोठी होती ते मी आजही लिहू शकत नाही.

वाढदिवसाची कल्पना काशीताईंची. लहान मुलांचा वाढदिवस सगळेच करत, पाटावर बसवून ओवाळत, पण एवढ्या मोठ्या बाईचा, त्यातून विधवेचा, असं कुणी ऐकलं नव्हतं. काशीताई म्हणाल्या, "त्या दिवशी चारजणी घरात असू दे. हसू-बोलू दे. तिची ती गाठ आपण बांधू आणि हे भूत उतरवू." ठकूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जल्म माजा बी कवातरी झाला आसंल, पर मला कुनी सांगितला न्हाई. हिचं तरी करू." मावशीला विचारलं तेव्हा तिने अट घातली: विकत घेतलेली एक वस्तू घरात येता कामा नये. "माज्यामागं पसारा नको. काय करायचं ते हितंच बसून, हातानं करा, आन सांजच्याला संपवून टाका."

रथसप्तमीला सकाळी अंगणात शेणीवर बोळकं ठेवून सूर्याला दूध उतू घातलं. ते निवतंय तोवर वलवणहून एकजण धावत आला. त्याच्या सुनेला कळा लागल्या होत्या. मावशीने तेल शेकलं, पदर खोचला. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "सांज व्हायच्या आत येते. आले तर." आणि गेली.

मग आमची बैठक बसली. तो दिवस मी पुष्कळदा मनात उलगडून पाहते. माघाचं पिवळं ऊन, घाटावरून येणारा झोंबरा वारा, आणि अंगणात चार बाया आपापल्या कामाला वाकलेल्या. काशीताईंनी रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाचे कागद हळदीच्या पाण्यात रंगवून वाळवून आणले होते. त्यांची त्या फुलं कातरत होत्या आणि दोऱ्यात ओवत होत्या. पिवळ्या पाकळ्यांवर गाड्यांच्या वेळा तशाच दिसत होत्या. ठकूबाई पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती, तोंडात काड्या धरून, त्यामुळे तिची बडबड दातांतून येत होती. गोमी बांबू चिरून काढलेल्या बेळांची एक मोठी, खोलगट टोपली विणत होती.

"येवडी मोठी कशाला गं?" ठकूबाईने विचारलं. "मावशीला कोंबड्या डालायच्या हायती का?"

"तुला डालाया," गोमी म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही तिने. "लय वरडतीस."

ठकूबाईच्या तोंडातल्या काड्या सांडल्या. त्या दोन वर्षांत मी अशी हसले नव्हते.

माझ्याकडे दिवा होता. आमच्या खानदेशात सणाला पिठाचे दिवे करतात, तसा मी करीन असं मीच म्हटलं होतं. गहू घरात नव्हता. तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली, आणि एकच पण मोठा दिवा घडवला, कडेला चिमटे काढून नक्षी केली. इतकी मऊ, बिनभेगांची उकड मला पहिल्यांदा जमली होती. मग आत गेले. मावशी रोज निजायची ती जागा सगळ्यात सपाट, नुकतीच सारवलेली. तिथं रांगोळी काढावी म्हटलं, तर रांगोळी विकतची, ती चालायची नाही. म्हणून तांदळाचं पीठच पसरलं, चांगलं हातभर रुंद, त्यात बोटाने वेल काढायची असं ठरवून. पण आधी दिवा ठेवून पाहावा म्हणून ठेवला, तेल घातलं, वात लावली. दारातून वारा यायचा, ज्योत विझू पाहायची, म्हणून वातीचं तोंड भिंतीकडे केलं. ती भिंत दक्षिणेची. तरीही ज्योत टिकेना. बाहेर गोमीची टोपली नुकतीच पुरी झाली होती. मी "दिव्यावर झाकायला" असं काही बोलले नाही, नुसती घेतली आणि आत नेऊन पालथी घातली. बेळांच्या फटींतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले. मला ते इतकं सुंदर वाटलं की वेल काढायचा राहिला तरी चालेल असं ठरवून मी बाहेर आले. टोपली घालताना तोल जाऊन माझा हात पिठात टेकला होता, ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

बाहेरच्या तिघींनी आत डोकावून पाहिलं नव्हतं. प्रत्येकीला आपलं आपलं काम ठाऊक होतं.

ऊन कलायच्या आत मावशी आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. दमलेली असूनही ती अंगणात आमच्याकडे पाहून थोडी हसली. काशीताईंनी कागदाची माळ तिच्या गळ्यात घातली. तिने ती काढली नाही. मी तिचा हात धरला आणि आत नेलं. माझ्या अंगात तेव्हा इतका आनंद होता की मी कुणाकडे पाहत नव्हते. "मावशी, टोपली उचला," मी म्हणाले.

मावशी जागच्या जागी थांबली. मागून ठकूबाई आत आली आणि तिच्या तोंडून नुसता "अगं बाई" असा श्वास आला. काशीताईंनी माझा दंड घट्ट धरला. गोमी दारातच खाली बसली. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहू लागले.

ठकूबाईच हळू आवाजात म्हणाली, "पोरी, हे मेल्या मान्साचं असतंय."

मग मला सांगण्यात आलं, तुटक तुटक, तिघींच्या तोंडून. माणूस गेलं की जिथं त्याने प्राण सोडला तिथं पीठ पसरतात, त्यावर पिठाचा एकच दिवा ठेवतात, वातीचं तोंड दक्षिणेला, आणि वर टोपली पालथी घालतात. मग टोपली उचलून बघतात, पिठात कशाचं पाऊल उमटलंय. पाखराचं उमटलं तर जीव पाखराच्या जन्माला गेला, गाईचं उमटलं तर गाईच्या. माझ्या ताईच्या खोलीतही असंच मांडलं होतं. मी तेव्हा घोंगडीत होते. आणि आता मी तेच, एकही गोष्ट न चुकता, जिवंत बाईसाठी, तिच्या निजायच्या जागेवर, तिच्या पंचेचाळिसाव्या गाठीच्या दिवशी मांडलं होतं. ज्यांना माहीत होतं त्यांच्या हातूनसुद्धा ते इतकं बिनचूक झालं नसतं.

मी खाली बसले. रडूही आलं नाही. मनात एकच आलं की हिला मीच मारलं, आता मामांना तीन दिवस थांबायचीही गरज नाही.

मावशी पुढे झाली. तिने वाकून दोन्ही हातांनी टोपली उचलली, अगदी सावकाश, बाळाचं डोकं धरावं तशी, आणि बाजूला ठेवली. दिवा जळतच होता. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाहायचं नव्हतं तरी पाहिलं. दिव्याच्या शेजारी पिठात एक हात उमटला होता. पाच बोटं, तळवा, स्वच्छ.

"पाऊल न्हाई," गोमी दारातून म्हणाली.

मावशी त्या ठशापाशी उकिडवी बसली. मग तिने मला बोलावलं, माझा उजवा हात धरला आणि त्या ठशावर ठेवला. बसला. तसाच बसणार, माझाच होता तो. पण ती ज्या तऱ्हेने पाहत होती, त्यावरून वाटलं की तिला आत्ताच काही कळलं आहे.

"व्हय," ती म्हणाली. "म्हंजे म्या मेले, आन ह्या हातात गेले. झालं. आता परत मरायचं काय कारन न्हाई."

ठकूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "लय शानी हायस सगुने."

"उद्या त्या वलवणच्या पोरीला तेल लावाय जायाचं हाय," मावशी मला म्हणाली. माझा हात तिने सोडला नव्हता. "घागर उंबऱ्याशी ठिवून पळायचं न्हाई. आत यायचं. तुज्या भनीला म्या वाचवू शकले न्हाई. म्हनून तुला कवा आत ये म्हनले न्हाई. माजीच जीभ उचलली न्हाई."

दोन वर्षं मी ज्या बोलण्याची वाट पाहत घाबरत होते, ते हे होतं. ती मला टोकेल असं वाटायचं, आणि ती मनातल्या मनात माझ्यापुढे मान खाली घालून होती. मी "येते" म्हणाले.

मग तिने जे केलं ते मी पुढे कुणाच्याच घरात पाहिलं नाही. मेल्या माणसाच्या दिव्याखालचं पीठ कुणी खात नाही. ते पाण्यात सोडतात. मावशीने दिवा विझू न देता उचलून देवापाशी ठेवला, वात पूर्वेला केली. खालचं पीठ सुपात भरलं, चाळलं, आणि माझ्यापुढे परात सारली. "भाकरी थाप. पाचजनींच्या." काशीताई थोड्या मागे सरकल्या. मी उकड काढली. हात गरम होते, मन गार नव्हतं, तरी त्या दिवशी भाकरीला भेग पडली नाही. ठकूबाईच्या पत्रावळींवर आम्ही पाचजणींनी ती भाकरी आणि पिठलं खाल्लं. मावशीने दोन खाल्ल्या. घाटातून एक गाडी धापा टाकत वर आली आणि गेली. काशीताईंनी पहिला घास घेताना डोळे मिटले होते, ते मी पाहिलं होतं. त्यांचे उपकार फेडायचे तर त्या एका घासाचेही फिटायचे नाहीत.

जेवण झाल्यावर मावशी म्हणाली, "काशे, मामाला दुसरं पत्र टाक. म्हनावं येऊ नगं. पोर कामाला लागली." आणि पेटीतून दोरा काढून तिने माझ्या हातात दिला.

माझी नातसून परवा म्हणाली, आजी, तुमच्या वेळी मोठ्या माणसांचे वाढदिवस नसतीलच. मी हो म्हणाले. कुठून सांगायला सुरुवात करावी ते कळेना, म्हणून आता हे लिहून ठेवते आहे. त्या टोपलीत पुढे कांदे असत. कागदाची माळ उंदरांनी खाल्ली. दोऱ्याला मी त्या दिवशी बांधलेली पंचेचाळिसावी गाठ जरा मोठी झाली, माझी पहिलीच म्हणून. तिच्यापुढे आणखी एकवीस आहेत, सगळ्या माझ्या हातच्या. मावशी गेली तेव्हा तो दोरा तिच्याबरोबर जाळायचा रिवाज होता. ठकूबाईने हात पुढे केला. मी दिला नाही.

मावशी गेली त्या दिवशीही घरात पीठ पसरलं, दिवा लावला, टोपली पालथी घातली. पण ती उचलायची वेळ आली तेव्हा मी घरात नव्हते. खंडाळ्याच्या अंगाला एका बाईला कळा लागल्या होत्या, आणि बोलावणं मला आलं होतं.